राजाच्या गालावरचा खड्डा

१

राजाच्या गालावरचा खड्डा नाहीसा झाला होता.

पारख्याने भिंग डोळ्याला लावलं, काढलं, रुमालाने पुसलं आणि पुन्हा लावलं. टेबलावरच्या हिरव्या कापडावर चांदीचं एक जुनं, जाडजूड नाणं होतं. एका बाजूला नाकेला राजा, दुसऱ्या बाजूला मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. शेजारी एक वही उघडी होती आणि तिच्या पानावर त्याच राजाचा फोटो चिकटवलेला होता.

"फोटोत बघा," पारखी म्हणाला. "गालाच्या मधोमध टाचणीचं टोक टेकवावं एवढा खड्डा. अगदी गोल. आता नाण्यावर बघा. कसा आहे गाल? नुकती दाढी करून आल्यासारखा!"

कुणी हसलं नाही.

खोलीत चौघं होती. पारखी हा जुन्या नाण्यांचा व्यापारी. चाळीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोरून नाणी गेलेली. त्याच्या शेजारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला, घरं बांधणारा एक गृहस्थ. ही बेचाळीस नाणी त्याच्या वडिलांनी जमवलेली. वडील दातांचे डॉक्टर होते. जाताना त्यांनी संग्रह या लहानशा संग्रहालयाला देऊन टाकला होता आणि मुलाने आज पहिल्यांदाच पारख्याला सोबत आणून त्याची तपासणी चालवली होती. समोर संग्रहालयाचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत. आणि दाराजवळ, पांढऱ्या कोटात, मुंगी.

मुंगी हे तिला कामाच्या जागी चिकटलेलं नाव. एक नाणं साफ करायला ती आठवडा घेई. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे, हातात टोकदार लाकडी काडी, आणि कणाकणाने हजार-दोन हजार वर्षांची माती बाजूला. "अगं, मुंगी तरी जरा घाई करते," असं साहेब एकदा म्हणाले आणि नाव पडलं ते पडलंच.

"वजन किती लिहिलंय?" मुलाने विचारलं.

"डॉक्टरांच्या वहीत सोळा ग्रॅम नऊशे चाळीस मिलिग्रॅम. आज भरलं सोळा ग्रॅम पाचशे वीस." पारख्याने भिंग खिशात टाकलं. "चारशे वीस मिलिग्रॅम गायब, खड्डा गायब. माझ्या मते तर नाणंच गायब आहे. हे दुसरं कुणीतरी बनवून ठेवलंय."

"साफ केल्यावर वजन कमी होतंच," मुंगी म्हणाली.

"होतं ना. पण गाल भरून येतो का, बाई?"

मुलाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो साहेबांना म्हणाला, "पेटीच्या किल्ल्या दोनच. एक तुमच्याकडे, एक यांच्याकडे. बाबांच्या देणगीपत्रात स्पष्ट लिहिलंय, एक जरी नाणं हरवलं तर सगळा संग्रह घरी परत. मला शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे."

सोमवारी समितीची बैठक होती. चार वर्षं वर्षावर्षाच्या करारावर काम करणाऱ्या मुंगीची जागा कायम करायची का, हा त्या बैठकीतला तिसरा विषय होता. पण तिला धास्ती होती ती त्याची नव्हे. या कामातली माणसं थोडी, सगळी एकमेकांना ओळखणारी. ज्या हातावर नाणं बदलल्याचा संशय आला, त्या हातात पुन्हा कुणी नाणं ठेवत नाही. आणि तिला दुसरं काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंही नव्हतं.

२

गुरुवारी सकाळी मिलीबाई आल्या.

सरकारी धातुतपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी तेहेतीस वर्षं काढली होती. एका मिलिग्रॅमचा फरकही त्या कुणाला सोडत नसत, म्हणून मिलीबाई. निवृत्त होऊनही अडलेली माणसं त्यांनाच बोलवत. अंगाने बारीक, केस आखूड, हातात स्वतःचा तराजू असलेली लाकडी पेटी.

"इथला तराजू आहे की, बाई," साहेब म्हणाले.

"असू दे. त्याच्यावर मी माझी पेटी ठेवीन."

त्यांनी एकेकाला समोर बसवलं. मुंगीला त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला सांगितलं होतं. "तू ऐक. बोलू नकोस. कशाला हात लावू नकोस."

पारख्याला पहिला प्रश्न होता, "हे नाणं तुम्ही आधी पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं म्हणजे काय! डॉक्टरांकडे तीनदा मागितलं. तिन्ही वेळा त्यांनी मला खुर्चीत बसवून दात तपासले आणि तसंच परत पाठवलं."

"तेव्हा गालावर खड्डा होता?"

पारखी थांबला. "ते... खिडकीतून दाखवल्यासारखं दाखवायचे हो. हातात कुठे द्यायचे?"

"म्हणजे खड्डा तुम्ही फक्त फोटोत पाहिलाय."

"फोटो खोटं बोलतो का?"

मिलीबाईंनी वहीत काहीतरी टिपलं. मग मुलगा. त्याने सांगितलं की त्याला नाण्यांतलं काही कळत नाही. बाबांचे रविवार नाण्यांनी खाल्ले, एवढंच त्याला माहीत. "पण ती त्यांची होती. त्यांच्या माघारी कुणी हात मारला असेल तर मी गप्प बसणार नाही."

"संग्रह परत मिळाला तर काय कराल?"

"विकीन," तो सरळ म्हणाला. "यांनी किंमत सांगितली आहे." आणि त्याने पारख्याकडे बोट केलं.

मुंगीचे कान टवकारले. मिलीबाईंचा चेहरा मात्र ढिम्म.

साहेबांची पाळी आली तेव्हा त्यांनी आधीच रुमाल काढून कपाळ पुसलं. "माझ्याच्याने लपवलं जात नाही. साफ करण्याआधी प्रत्येक नाण्याचा फोटो काढायचा, हा नियम आहे. हिने तीनदा कॅमेरा मागितला. तो दोन महिने दुरुस्तीला पडलाय. मीच म्हटलं, डॉक्टरांचे फोटो आहेत की वहीत, कर सुरू. वही मात्र माझ्या कपाटात होती. हिने ती पाहिलीही नाही."

"म्हणजे आधीचा पुरावा म्हणून आपल्याकडे काय आहे?"

"हिने लिहिलेली टिपणं."

"आणा."

टिपण मुंगीच्या बारीक, सरळ अक्षरात होतं. मिलीबाईंनी ते मोठ्याने वाचलं. "नाणं क्रमांक सतरा. राजाची बाजू स्वच्छ, थर नाही. घोड्याच्या बाजूला मानेपासून पोटापर्यंत काळपट राखाडी थर, मेणासारखा मऊ. कडेला माती."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून मुंगीकडे पाहिलं.

"राजाच्या बाजूला थर नव्हता, असं तूच लिहिलंस. मग खड्डा थरात होता आणि थराबरोबर निघून गेला, असंही म्हणता येत नाही."

"नाही," मुंगी म्हणाली. "नव्हताच थर."

"कळतंय ना तुला, हे वाक्य तुझ्याच विरुद्ध जातं?"

३

दुपारी मिलीबाईंनी नाण्याला पातळ दोरा बांधला, ते तराजूच्या आकड्याला टांगलं आणि खालून पाण्याचा पेला वर आणला. नाणं बुडालं. तराजूचा काटा सरकला.

"बाहेर सोळा पाचशे वीस. पाण्यात चौदा नऊशे वीस. पाण्याने सोळाशे मिलिग्रॅम उचलून धरले." त्यांनी भागाकार केला. "पाण्याच्या दहा पूर्णांक तीन पट जड. चांगली चांदी, अगदी थोडं तांबं. साच्यात ओतलेलं नाणं असतं तर आत हवेचे फुगे राहिले असते, हलकं भरलं असतं. हे ओतलेलं नाही. ठोकलेलं आहे."

मुंगीने श्वास सोडला. पण पारखी मान हलवत होता.

"हल्लीचे बनवणारे बाजारात मिळणाऱ्या जुन्या झिजलेल्या नाण्यांचीच चांदी घेतात, बाई. नवे ठसे कोरतात आणि ठोकतात. तुमचं पाणी त्यांना पकडत नाही."

"बरोबर आहे," मिलीबाई म्हणाल्या. "यावरून काहीच सिद्ध होत नाही."

मुंगी घरी गेली तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मी येते उद्या. सांगते त्यांना, ही बाई चहात साखर घालताना चमचा सपाट करून घालते. दहा वर्षांत एक दाणा इकडचा तिकडे नाही. ही काय नाणी बदलणार!"

"आई, साखरेवरून नाही ठरत ते."

"कशावरून ठरतं मग?"

मुंगीने हात धुऊन पानं घेतली. ती जेवली, पण ताटात काय होतं ते नंतर तिला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी मिलीबाई तिची वाट बघत दारातच उभ्या होत्या.

"एक विचारायचं राहिलं. घोड्यावरचा थर तू विरघळवून काढलास. ते पाणी कुठे आहे?"

"बाटलीत," मुंगी म्हणाली. "सतरा नंबरच्या."

"ओतून नाही दिलंस?"

"अहवाल पुरा होईपर्यंत काहीच ओतायचं नाही, अशी मी सवय लावून घेतली आहे. नाणं धुतलेलं पाणीही त्यातच. काडीने काढलेली माती वेगळ्या कुपीत."

मिलीबाई कालपासून पहिल्यांदाच हसल्या. "चल. बाटली दाखव."

४

बाटल्या फडताळात ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या बुचावरून कागदाची पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर साहेबांची सही, तारीख, वेळ.

"ही हिचीच खोड," साहेब म्हणाले. "प्रत्येक बाटलीवर माझी सही घ्यायला येते. मी घरी सांगतो, मी पाण्यावर सह्या करणारा अधिकारी आहे."

सतरा नंबरच्या पट्टीवर मंगळवारची तारीख होती, दुपारी साडेबारा. पट्टी अखंड होती. त्याच दिवशी चार वाजता नाणं पेटीत बंद केल्याची दोघांची सही नोंदवहीत होती. पारख्याने पेटी उघडायला लावली ती बुधवारी.

"सगळ्यांना बोलवा," मिलीबाई म्हणाल्या. "मुलाला, पारख्यांना. जे करायचं ते त्यांच्यासमोर."

अकरा वाजता सगळे जमले. मुंगीला पुन्हा स्टूल. तिचे हात इतके शिवशिवत होते की शेवटी ती त्या हातांवरच बसली.

"चांदी शेकडो वर्षं खाऱ्या मातीत राहिली की मीठ तिला खातं," मिलीबाईंनी सुरुवात केली. वर्गात शिकवल्यासारखं नाही. शेजारणीला सांगावं तसं. "वर राखाडी, मेणचट थर येतो. तो थर म्हणजे चांदीच असते, पण मिठाने बिघडवलेली. त्याच्या वजनात पाऊण हिस्सा चांदी आणि बाकीचा मिठातला वायू. हिने तो थर विरघळवला, म्हणजे तेवढी चांदी या बाटलीत उतरली. ती मी परत काढणार आहे."

त्यांनी आधी कुपीतली कोरडी माती तोलली. साठ मिलिग्रॅम. मग एका चिठ्ठीवर आकडा लिहून तिची घडी घातली आणि मुलाच्या हातात दिली.

"मुठीत धरा. मी सांगेपर्यंत उघडू नका."

"ही काय जादू आहे का?"

"जादूत उत्तर आधी माहीत असतं. मला नाहीये."

त्यांनी पट्टी फाडली, द्रव काचपात्रात ओतला आणि जस्ताची पूड टाकली. नितळ पाणी हळूहळू काळवंडलं आणि तळाशी काजळीसारखा गाळ बसू लागला. तो गाळून, धुऊन, त्यातलं उरलेलं जस्त त्यांनी सौम्य आम्लात घालवलं. पुन्हा धुणं, पुन्हा गाळणं. या सगळ्यात तीन तास गेले. पारखी एकदा चहाला म्हणून उठला आणि दारातूनच परत आला. शेवटी गाळण्याच्या कागदावर राखाडी भुकटीचा एक छोटासा ठिपका उरला, तो त्यांनी दिव्याखाली वाळवला आणि तराजूत टाकला.

काटा हलला, डुलला, थांबला.

"दोनशे सत्तर," मिलीबाई म्हणाल्या. "आता चिठ्ठी उघडा."

मुलाने मूठ उघडली. घामाने चिठ्ठी ओली झाली होती. तो आकडा त्याने दोनदा वाचला.

"दोनशे एक्काहत्तर."

५

पारख्याने वाकून चिठ्ठी वाचली. मग मुलगा म्हणाला, "एक मिली कुठे गेला?"

"गाळणकागदाला चिकटला असेल. मीही माणूसच आहे." मिलीबाईंनी हात पुसले. "आता हिशेब ऐका. एकूण घट चारशे वीस. त्यातली माती साठ. उरले तीनशे साठ, म्हणजे विरघळलेला थर. त्याच्या पाऊण हिश्शाच्या जवळपास चांदी निघायला हवी, म्हणजे दोनशे एक्काहत्तर. निघाली दोनशे सत्तर. या नाण्यातून जे जे गेलं, ते सगळं या खोलीत आहे. हरवलंय असं काही नाहीच."

"थांबा," पारखी म्हणाला. "यावरून खरं नाणं या बाटलीत बुडालं होतं, एवढंच कळलं. ते आता पेटीत आहे, हे कुठे कळलं?"

"छान प्रश्न आहे. तुम्हीच सांगा. तुम्ही बनावट नाणं तयार करवून घेताय. वजन किती ठेवाल?"

"वहीत आहे तेवढं. सोळा नऊशे चाळीस."

"का?"

"का म्हणजे? उद्या कुणी वहीशी ताडून..." पारखी मध्येच थांबला.

"हेच म्हणायचंय मला. चोराने ठेवलेलं नाणं वहीशी जुळलं असतं. हे जुळत नाही. हे जुळतं ते या बाटलीशी, मिलीला मिली. बुधवारी ज्या कमी वजनावरून तुम्ही संशय घेतलात, त्याच कमी वजनामुळे मी याला खरं म्हणते."

"पण साफ झालेल्या नाण्याचं वजन हिला माहीत होतं," मुलगा म्हणाला. तो मागे हटणारा नव्हता. "तेवढ्याच वजनाचं करून घेतलं असेल."

"मंगळवारी साडेबाराला बाटली बंद झाली. चारला नाणं पेटीत गेलं, दोघांच्या सहीने. तेव्हाचं वजन नोंदवहीत आहे, सोळा पाचशे वीस. साडेतीन तास." मिलीबाई पारख्याकडे वळल्या. "नवा ठसा कोरून असं नाणं ठोकायला किती वेळ लागतो?"

पारख्याने डोकं खाजवलं. "चांगला कारागीर असेल तर दोन महिने," तो नाइलाजाने म्हणाला. मग त्याचा आवाज पुन्हा चढला. "ठीक आहे, वजनाचं मान्य. पण खड्डा? धातूला पडलेला खड्डा आपोआप बुजत नाही. तुमच्या चिठ्ठीत त्याचं उत्तर आहे का?"

मिलीबाईंनी सावकाश चष्मा काढला.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते मला माहीत नाही."

६

"मी वही बघू का?" मुंगी म्हणाली.

तीन दिवसांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. साहेबांनी मुलाकडे पाहिलं. त्याने क्षणभर विचार केला आणि वही तिच्यासमोर सरकवली.

राजाच्या फोटोकडे तिने पाहिलंही नाही. तो सगळ्यांचा पाहून झाला होता. तिने पान उलटून घोडा काढला. घोड्याची इंच न् इंच जागा तिच्या ओळखीची होती. मानेपासून पोटापर्यंतचा थर तिने आठ दिवस रोज पाहिला होता. कुठे तो जाड, कुठे त्याची कड उचललेली, पोटाखाली त्याला एक चीर. फोटोत तो सगळा होता. जाडी होती, उचललेली कड होती, चीरसुद्धा होती.

तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा वहीवर ओढला.

"बाई, थर काळपट होता. कोळशासारखा नाही, पण चांदीपुढे काळाच दिसायचा. फोटोत तो पांढरा का आहे?"

मिलीबाई झटकन जवळ आल्या.

"थराचा आकार आहे," मुंगी म्हणत होती. "पण रंग नाही. घोडा, थर, मोकळी जागा, सगळं एकाच रंगाचं. खडूसारखं. आणि चमक कुठेच नाही. चांदीचा फोटो काढला की कुठे ना कुठे उजेड मारतोच, नुसते पांढरे डाग येतात. या फोटोत एकही डाग नाही."

"पुढची पानं बघ," मिलीबाई म्हणाल्या.

मुंगीने भराभर पानं उलटली. तांब्याची नाणी, चांदीची, एक सोन्याचं. फोटोत सगळी पांढरट. आणि तिने बोट ठेवलं. "इथे खड्डा. इथे. या बैलाच्या शिंगाजवळ दोन. सगळे गोल, सगळे टाचणीच्या टोकाएवढे."

पेटी उघडली. बेचाळीस नाणी एकेक करून फोटोंशी ताडली. फोटोत खड्डे असलेली नाणी नऊ निघाली. प्रत्यक्षात एकावरही खड्डा नव्हता, आणि त्यातल्या आठांना मुंगीने अजून हातसुद्धा लावलेला नव्हता.

पारख्याने भिंग काढून राजाचा फोटो पुन्हा पाहिला. मुंगी मुलाकडे वळली.

"डॉक्टर फोटो कुठे काढायचे?"

"दवाखान्यात. रविवारी. मला आत यायची बंदी असायची." तो थबकला. "कंपाउंडर काका असायचे सोबत."

काका अर्ध्या तासात रिक्षाने आले. वय अठ्ठ्याहत्तर, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आल्या आल्या घरं बांधणाऱ्या त्या करारी गृहस्थाला म्हणाले, "काय रे बंड्या, जेवलास का? तोंड का एवढंसं झालंय?"

बंड्याचे कान लाल झाले. साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

मुंगीने वही पुढे केली. "काका, हे फोटो कशाचे आहेत?"

काकांनी वही लांब धरून पाहिली. "कशाचे म्हणजे? प्लॅस्टरचे. दातांचा साचा घ्यायचो ना आम्ही, तसाच नाण्याचा घ्यायचा. त्यात प्लॅस्टर ओतायचं. निघालेल्या पांढऱ्या चकतीचा फोटो. डॉक्टर म्हणायचे, चांदी चमकते, अक्षरं दिसत नाहीत, प्लॅस्टरमध्ये कसं सगळं वाचता येतं. जुन्या लोकांची रीतच होती ती." त्यांनी राजाच्या गालावर अंगठा फिरवला. "हा बुडबुडा माझा. ओतल्यावर साचा टेबलावर टकटक आपटायचा असतो, हवा वर यायला. मी विसरायचो आणि शिव्या खायचो. एवढा मोठा राजा आणि त्याच्या गालावर तू देवीचे व्रण पाडलेस, म्हणायचे!"

मिलीबाई आधी हसल्या. मग साहेब. मग पारखीसुद्धा, पण त्याचं हसू जरा रडवेलं होतं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी जुन्या याद्यांत असले फोटो बघतोय. प्लॅस्टरचे असतात हे मला माहीत आहे हो! पण घरच्या वहीत कुणी असं करेल हे डोक्यातच आलं नाही."

"डॉक्टरांच्याही डोक्यात आलं नाही, की हे लिहून ठेवायला हवं," मिलीबाई म्हणाल्या.

मुलाने वही मिटली. मग तो उठला आणि मुंगीच्या स्टुलासमोर येऊन उभा राहिला. बोलायचं काय हे ठरवून आला नसावा.

"मी तुमच्याकडे तीन दिवस नीट पाहिलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"तुमच्या वडिलांचं नाणं होतं," मुंगी म्हणाली. "मीही चिडले असते."

"आता राहिलेली पंचवीस तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाला देऊ नका." तो साहेबांकडे वळला. "आणि समितीला हे मी लिहून देतो. आज, इथे बसून."

"बंड्या," काका म्हणाले, "अक्षर नीट काढ."

७

सोमवारी समितीत तिसऱ्या विषयाला चार मिनिटं लागली; मुंगीची जागा कायम झाली. दुरुस्त झालेला कॅमेरा त्याच सकाळी साहेब स्वतः जाऊन घेऊन आले होते, आणि मुंगीच्या टेबलावर तो ठेवताना त्यांनी एक अक्षरही काढलं नव्हतं.

दुपारी दारावर टकटक झाली. पारखी होता. आत यावं की नाही अशा विचारात उंबऱ्यातच घुटमळत होता.

"रागावला असाल," तो म्हणाला.

"होते. शनिवारी. आता काम आहे."

तो आला. बसला. मग आतल्या खिशातून त्याने कापसात गुंडाळलेली एक पुडी काढली आणि उलगडून टेबलावर ठेवली. लहानसं तांब्याचं नाणं, गर्द हिरवं, त्यावर एक पाखरू.

"विकायचं नाही हे. माझ्या पहिल्या कमाईचं. चाळीस वर्षांत साफ करायला कुणाच्या हाती दिलं नाही. जरा उजळलं असतं तर..." त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि नाणं तिच्याकडे सरकवलं. "तुम्ही करा. फोटो काढा आधी, हवे तेवढे. मी थांबत नाही. परत केव्हा नेऊ तेवढं सांगा."

मुंगीने नाणं उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. बराच वेळ बघितलं. एक बाजू, दुसरी, मग कड. लाकडी काडीचं टोक तिने हिरव्या थरावर अलगद टेकवलं. भुकटी निघाली नाही. थर काचेसारखा घट्ट होता, आणि पाखराच्या पंखाची प्रत्येक रेघ त्या हिरव्या थरातच उतरलेली होती.

तिने काडी खाली ठेवली.

"मी याला हात लावणार नाही."

पारख्याचा चेहरा उतरला. "म्हणजे अजून राग आहे तर."

"नाही हो. हिरवं दोन प्रकारचं असतं. एक भुरभुरीत, ते तांब्याला खात जातं. ते काढावंच लागतं. हे तसलं नाही. हे पक्कं आहे, यानेच आतलं नाणं सांभाळलंय. मी ते काढलं तर खालून तांबं चकाकेल खरं, पण पंखाच्या रेघा जातील." तिने दिवा त्याच्या बाजूला वळवला. "या ना. बघा तुम्हीच."

पारख्याने सवयीने खिशातलं भिंग काढलं, मग परत ठेवलं आणि तिच्या सूक्ष्मदर्शकावर वाकला. वाकला तो तसाच राहिला.

"अहो," तो बऱ्याच वेळाने म्हणाला, डोळा न काढता. "याच्या चोचीत काहीतरी आहे."

"काडी आहे," मुंगी म्हणाली. "घरट्यासाठी नेत असेल."

"चाळीस वर्षं हे माझ्या खिशात आहे..."

"जरा डावीकडे सरका. तुमचीच सावली पडतेय."

तो सरकला. मुंगीने दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली.